बुटकीचा दुसरा मालक

अप्पा, बुटकी सापडली. तुम्ही सांगायचात तीच. दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटणारी, टप मागं पाडता येणारी विलायती गाडी. ती होती. खरोखर होती, आणि आत्ता या घटकेला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये चार ओंडक्यांवर उभी आहे. चाकं काढलेली, रंग खरवडलेला, दिव्यांच्या जागी दोन भोकं, तरीही बघत राहावं अशी. काल मी तिच्यात बसून आले. सीट माझ्याच दुकानात खोलून पडल्यात, म्हणून पत्र्यावर पोतं टाकून बसले. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे हनुवटीला लागलेले, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसलेली. शेडमधले मेकॅनिक एकमेकांकडे बघत होते की या कुशनवाल्या बाईंना आज झालंय तरी काय. मला तुम्हाला सगळं एका दमात सांगायचंय आणि सगळंच एकदम तोंडाशी येतंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "दम खा की जरा, आधी दोरा तर ओव." तर दोरा ओवते.

दोन महिन्यांपूर्वी अकलूजचे एक डेअरीवाले पिकअपमध्ये दोन सीट टाकून आपल्या दुकानात आले. दुकान अजून भवानी पेठेतच आहे, तुमचंच. तुमचं मोठं मशीनही चालू आहे, फक्त पायटा काढून मी मोटर बसवलीय. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्याच सीट येतात, पण गेली काही वर्षं जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसंही येतात. त्यांची कामं मला आवडतात, कारण ती माणसं घाई करत नाहीत. हे डेअरीवाले त्यातलेच, पण नादाच्या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. गोठ्यासाठी जागा घेतली, त्या जागेवरच्या पडवीत उसाच्या पाचटाखाली ही गाडी निघाली, आणि तेव्हापासून ते म्हशी विसरलेत असं त्यांची बायकोच मला फोनवर म्हणाली. सीट खाली उतरवताना ते म्हणाले, "ताई, ह्या पार मुळापतुर खोलायच्या. खाली मूळ कातडं असंल, त्याच्यावरनं नमुना घ्यायचा. गाडी कारखान्यातनं निघाली तशीच मला पाहिजे." मी म्हटलं, होईल. मग चहा पिताना त्यांनी दुसरं दुखणं काढलं. गाडीचं मूळ आरसी पुस्तक हरवलेलं, हातात नुसतं दुय्यम पुस्तक. त्यात तीन नावं. तिसरा मालक सोलापूरचे एक डॉक्टर, चौथा साखर कारखान्यातले एक केमिस्ट, ते वारल्यावर पाचवे हे स्वतः. पहिला कोण आणि दुसरा कोण, याचा पत्ता नाही. "मला गाडीचा फेरफार पाहिजे," ते म्हणाले. "सात-बाऱ्याला असतो की, तसा. कुनाकडनं कुनाकडं आली, कशापायी आली. त्याबिगर ती माझी हाय असं मला वाटतच न्हाई." जुन्या गाड्यांचा वेगळा नंबर घ्यायचा तर फाईल पूर्ण हवी, हेही होतं, पण माणूस खरं बोलत होता. त्याला कागदापेक्षा माणसं हवी होती.

तुम्हाला वाटेल, तेव्हाच हिच्या डोक्यात उजेड पडला असेल. नाही पडला. तुमची गाडीची गोष्ट मी इतकी खोल पुरून टाकली होती की दोन सीटची स्पोर्ट्स गाडी दारात आली तरी मला ती आठवली नाही. आणि ती गोष्ट होतीच तशी, अप्पा, राग मानू नका. दुकानात चहा आला की तुम्ही सुरू करायचात, "ही जन्मायच्या आधी माझ्याकडं स्पोर्ट गाडी होती." समोरचा विचारायचा, कुठला रंग? तुम्ही एकदा लाल म्हणायचात, एकदा सायीसारखा. आवाज कसा होता? "आवाज न्हवता तिला." मग हशा. कुठं कुठं फिरला तिच्यातनं? "फिरलो की," म्हणून तुम्ही दाभण उचलायचात आणि काथ्यात खुपसायचात. ज्याच्याकडे अशी गाडी होती तो ती कुठं नेली ते सांगत नाही, हे कुणाला पटणार? मी आईला विचारायचे, तर आई भाकरी थापता थापता म्हणायची, "सपनात असंल." तिनंच असं म्हटल्यावर विषय संपायचा. तुम्हीही हसायचात. शेजारपाजारचे लोक तुम्हाला मोटारवाले म्हणायचे, आणि तुम्ही हाक आली की ओ द्यायचात.

आणि मग तो दिवस, माझं लग्न ठरलं तेव्हाचा. सासरची माणसं सुपारी फोडायला आलेली. सासरे एस.टी.त ड्रायव्हर, त्यामुळे तुम्हाला वाटलं असणार, जोडीचा माणूस भेटला. तुम्ही गोष्ट काढलीत. ते कान देऊन ऐकायला लागले आणि त्यांनी ड्रायव्हरनं विचारावं तसं विचारलं, "गेर कसे होते हो तिचे? जड?" म्हणालात, "गेर कधी टाकावाच लागला न्हाय." सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि त्यांच्या भावाकडे बघितलं. तेवढंच. पण मी दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलात तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, बास करा आता. माझ्या सासरच्यांसमोर तरी खोटं बोलू नका." आई तिथंच स्टोव्हपाशी होती, चहाचं आधण बघत. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. आईकडे बघितलंत. आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. तुम्ही पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवून बाहेर गेलात, आणि त्यानंतर चार वर्षं जगलात, पण गाडीचं नाव तुमच्या तोंडून कुणीही ऐकलं नाही. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, वेळेवर बोलले.

आता सीट. वरचं कव्हर स्वस्तातल्या रेक्झिनचं, खाली पातळ स्पंज, कुठल्या तरी घाईच्या माणसानं मारलेलं. ते अर्ध्या तासात निघालं. पण त्याच्या खाली दुसरं कव्हर होतं. मरून रंगाचं, जाड, आणि कडेची शिलाई बघून माझा हात थांबला. शेवटच्या टाक्यावर तीन गाठी आणि दोऱ्याचं टोक परत आत ओढून घेतलेलं. अख्ख्या सोलापुरात असा टाका एकच माणूस संपवायचा. मी बोटानं गाठ चाचपली आणि दुकानातच मोठ्यानं म्हणाले, "हे तर आमच्या अप्पांचं." आधी इतकंच वाटलं, की चला, डॉक्टरांनी आपल्याकडून काम करून घेतलं होतं. आनंद झाला, पण गिऱ्हाईकाच्या कामात आपल्या माणसाचा हात निघाला की होतो तेवढाच. मग कव्हरच्या मागच्या अंगाला, आतून, काहीतरी कडक हाताला लागलं आणि मला कळलं की ते काय आहे, आणि मी दाभण बाजूला ठेवलं.

बाहेरच्या कुणाला सांगायला गेलं तर हसतील, म्हणून मी ही रीत कधी कुणाला सांगत नाही. पण आपल्या दुकानात नवी सीट भरायची तर तुम्ही मालकाला सांगायचात, "घरच्या बाईकडनं खणाचा एक तुकडा, चिमूटभर तांदूळ अन् हळकुंड घेऊन या." मग त्या तुकड्याची पुरचुंडी करून काथ्याच्या आत ठेवायचात आणि वरून शिवून टाकायचात. गाडीची ओटी. गाडीत बसणारा सुखरूप घरी यावा म्हणून. आणि त्यामुळेच तुम्ही जुनं कव्हर कधी काढत नव्हतात, त्याच्यावरच नवं चढवायचात. इतर कुशनवाले म्हणायचे, म्हातारा कामचुकार आहे. मी तेरा-चौदा वर्षांची असताना एका जीपची सीट तुम्हाला न विचारता उसवायला घेतली, मदत करावी म्हणून. तुम्ही माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलंत. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशी चढवलात. "कुनाच्या तरी बायकोनं भरलेली ओटी हाय ती. भरलेली ओटी उसवायची न्हाय. वरनं चढव." मी रडले, मग तुम्ही मला कोपऱ्यावरचं बदाम शरबत पाजलंत आणि तेव्हाच मला गाठ आत ओढायला शिकवलंत. तर मी ते कव्हर समोर घेऊन दोन दिवस काही केलं नाही. डेअरीवाल्यांना काम मुळापासून हवं होतं आणि तुमचा नियम माझ्या हातात होता. शेवटी मी नियम मोडला, अप्पा. मनातल्या मनात तुमची माफी मागितली आणि उसवलं. पुरचुंडी निघाली. हिरव्या खणाची, तांबडा काठ, आत तांदळाचा भुगा.

आणि काथ्या उचलला तर त्याच्या खाली तिसरं कव्हर. तेही तुमचंच. साधं काळं कापड, रेक्झिनसुद्धा नाही, पण शिवण अशी की जणू देवाच्या पालखीला शिवलंय. त्यातही पुरचुंडी. हिचा खण जांभळा, उन्हात विटलेला, एका कडेला रफू केलेला. त्याच्या खाली मात्र थेट मूळ कातडं. मी खाली फरशीवर बसून तीनदा मोजलं. कातडं पहिल्या मालकाचं. वरचं रेक्झिन चौथ्याचं. मरून तिसऱ्याचं, म्हणजे डॉक्टरांचं. मग हे काळं दुसऱ्या मालकाचं, ज्याचं नाव कुठंच नाही, आणि ज्याच्या बायकोचा खण रफू केलेला आहे. विलायती स्पोर्ट्स गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या बायकोचा खण रफू केलेला कसा असेल? आणि तिथंच मला तुमची गोष्ट आठवली, सगळी, गेर टाकावा न लागलेल्या त्या गाडीसकट.

डॉक्टर कधीच वारले. त्यांच्या पत्नी रेल्वे लाइन्समध्ये मुलाकडे असतात, ऐंशीच्या पुढच्या, पण कान आणि आठवण खणखणीत. मी हिरवी पुरचुंडी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून काठ बघितला आणि लगेच म्हणाल्या, "हा माझ्या डोहाळजेवणातला खण. तुमच्याकडे कुठून आला?" मी सांगितलं, तर इतक्या हसल्या की सून आतून बघायला आली. मग म्हणाल्या, "यांना गाडीचं वेड. गाडी आधी कुठल्याशा गिरणीतल्या साहेबाची होती. पण आम्ही घेतली ती साहेबाकडून नाही. एका कुशनवाल्याकडून. इंजिनच नव्हतं हो तिच्यात. यांनी मुंबईहून मागवलं, वर्षभर दारात उभी होती." मी पदर तोंडाशी धरून बसले होते. इंजिन नव्हतं. म्हणजे आवाज नव्हता. म्हणजे गेर टाकावा लागला नाही. त्या पुढं सांगत होत्या, "त्याच्याकडूनच सीट परत करून घेतल्या. मी म्हटलं, आतलं काळं कापड काढून टाका. तर तो म्हणाला, ते राहू द्या वहिनी, त्यात माझ्या बायकोनं भरलेली ओटी आहे. बिचारा गाडी पोचवायला आला तेव्हा दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि बॉनेट पुसून गेला." मी त्यांना सांगितलं नाही की तो कुशनवाला माझा बाप असावा. अजून कागद बघितला नव्हता, आणि तुमच्या बाबतीत मला पुन्हा चूक करून चाललं नसतं. एकदा, अप्पा, मी केलीच होती.

आरटीओत मी अर्ज दिला. जुनी बांधीव रजिस्टरं तिथं रेकॉर्डच्या खोलीत आहेत, आणि तिथल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण मनापासून काम करणाऱ्या. गाडीचा नंबर घेऊन त्यांनी तीन रजिस्टरं खाली काढली, फडक्यानं पुसली, आणि पानावर बोट फिरवत जाऊ लागल्या. मी टेबलाच्या या बाजूला उभी. त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वाचलं, आधी साहेबाचं नाव, मग खाली तांबड्या शाईत फेर, आणि मग तुमचं नाव. तुमच्या वडिलांचं नाव. राहणार भवानी पेठ. अप्पा, तुमचं नाव तिथं संपूर्ण लिहिलंय, कुणी मोटारवाला म्हणून नाही. आणि शेजारी रंगाच्या रकान्यात 'क्रीम' खोडून 'लाल' केलंय. दोन्ही खरं होतं. सायीसारखी घेतलीत आणि लाल केलीत. तुम्ही कधीही उलटसुलट बोलला नव्हतात, आम्हीच अर्धंअर्धं ऐकलं होतं. त्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बसा. पाणी देऊ का? नातं काय तुमचं यांच्याशी?" मी म्हटलं, "मुलगी." आणि मला हसूच फुटलं, थांबेना, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. बाहेर येऊन पहिला फोन डेअरीवाल्यांना केला. त्यांनी माझ्याकडून नाव दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी ताई, तुमच्याच घरची लेक माझ्या दारात आलीय म्हना की."

रिक्षात मी जांभळ्या पुरचुंडीवरची मूठ सोडली नाही. घरी आले. आई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. ती आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत. मी काहीही न बोलता जांभळा खण तिच्या सुपात ठेवला. तिनं तो उचलला नाही. सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि म्हणाली, "कुटं घावला?" मी म्हटलं, "आई, तुला माहीत होतं." ती म्हणाली, "मला न्हाय तर कुनाला म्हाईत असनार? मीच बसले हुते की तिच्यात." आणि मग जे तिनं पंचावन्न वर्षं पोटात ठेवलं होतं ते सगळं त्या सुपावर ओतलं. गिरणीच्या साहेबाची बदली झाली, इंजिन आधीच कुणीतरी काढून नेलेलं, नुसता सांगाडा त्यानं आपल्या दुकानासमोर सोडला. तुम्ही त्याच्या मागं लागून कागद नावावर करून घेतलात, कारण कागदाशिवाय गाडी आपली कशी म्हणायची. महिनाभर तुम्ही ती घासलीत, लाल रंग दिलात, काळं कापड शिवलंत. आणि आईला सातवा लागला होता.

"मला एस्टीत उलट्या व्हायच्या," आई सांगत होती. "माझा भाऊ मंद्रूपहून बैलगाडी घेऊन आला हुता, मला बाळंतपनाला न्यायला. तर हे म्हनले, बैलगाडीत धक्के बसतील, पोटातल्याला तरास हुईल. बुटकीला स्प्रिंगाच्या सीटा हाईत. बैलगाडीच्या मागं बांधू तिला. म्या न्हाय म्हनले. तर ऐकतील तर शप्पत." मी डोळ्यांसमोर आणत होते. पुढं मामा बैल हाकतोय, मागं दोराला बांधलेली लालभडक विलायती गाडी, स्टेअरिंगला तुम्ही टोपी घालून, आणि शेजारी सात महिन्यांची पोटुशी आई, डोक्यावर पदर घट्ट ओढून. पहाटे निघालात आणि दुपारी मंद्रूपला पोचलात. "अन् त्या दिवशी तितं बाजार," आई म्हणाली. "सगळा बाजार उठून बघायला आला. पोरं मागनं पळत्यात, बाया तोंडाला पदर लावून हसत्यात. कुनी तरी वरडला, बैलाची मोटार आली. त्या दिवसापासनं माज्या माहेरात माजं नाव बैलमोटारवाली पडलं. मला धरतीनं पोटात घ्यावं असं झालं. अन् हे खुशाल हात हालवत हुते सगळ्यास्नी."

मग मला कळलं की आपण मंद्रूपला कधीच का गेलो नाही. एस.टी.नं तासाभरावर आजोळ असून आई म्हणायची, तितं आता आपलं कोन हाय, आणि मामा भिवंडीला गेल्यामुळे ते खरंही वाटायचं. आईनं तेव्हा तुम्हाला निरोप धाडला होता. ती गाडी दारात असेल तर मी बाळ घेऊन सोलापुरास येणार नाही. तुम्ही पंधरा दिवसांत ती डॉक्टरांना दिलीत. मी घरी आले ती बुटकी गेल्यावर. आणि आईनं तुमच्याकडून शब्द घेतला होता की मंद्रूपचं कुणाला सांगायचं नाही. तुम्ही तो पाळलात. गाडी होती एवढंच सांगत राहिलात, कारण तेवढं सांगायला बंदी नव्हती, आणि त्याच्या पुढचं काहीही विचारलं की दाभण उचलायचात. बायको सगळ्यांसमोर 'सपनात असंल' म्हणते, लोक हसतात, मुलगी खोटारडा ठरवते, आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की हिच्या आईला विचारा. मी आईला म्हटलं, "त्या दिवशी स्वयंपाकघरात तू का नाही बोललीस?" तिनं खण हातात घेतला, रफू केलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बोलायला पायजे हुतं. रोज वाटायचं, उद्या बोलू. मग ते गेले."

अप्पा, मी रडत होते आणि तरी मला नाचावंसं वाटत होतं. कारण एक गोष्ट माझ्या डोक्यात नंतर शिरली, अंथरुणं काढताना. त्या बैलाच्या मोटारीत तुम्ही दोघंच नव्हतात. मीही होते. स्प्रिंगाच्या सीटवर, धक्के बसू नयेत म्हणून. तुम्ही जन्मभर सांगत होतात त्या गाडीतली तिसरी सवारी मी होते, आणि मीच तुम्हाला म्हटलं, खोटं बोलू नका.

डेअरीवाले आता फार खुशीत आहेत. फाईलला लावायला सगळ्या मालकांची यादी त्यांनी माझ्याच हातानं लिहून घेतली, अक्षर चांगलं म्हणून. दुसऱ्या ओळीवर तुमचं नाव लिहिताना मी पेन बदललं, जरा बरं घेतलं. कातडं चेन्नईहून मागवलंय, मूळ रंगाचं. इंजिन पुढच्या महिन्यात बसेल. गाडी सुरू झाली की पहिली फेरी आईला, असं ते म्हणालेत. मी आईला सांगितलं. ती ज्वारीतला खडा काढता काढता म्हणाली, "येते. पर मंद्रूपला न्हाय. दुसरीकडं कुटं बी." मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "अन् आवाज करती म्हनावं का आता ती?" मी म्हटलं, करती, लई करती. तेव्हा ती हसली. तुम्हाला ते बघायला हवं होतं.

हे पत्र कुठं ठेवावं, कळत नाही. नव्या सीटमध्ये शिवून टाकावं असं मनात आलं होतं, पण ती गाडी आता दुसऱ्याची आहे आणि त्याच्या घरची ओटी त्याच्या बायकोनं भरायची आहे. वाचून दाखवायला आईपुढे बसले, तर ती पहिल्या ओळीलाच उठून आत गेली. तेव्हा हे माझ्यापाशीच राहील. पण एक गोष्ट मी आईला सांगितली नाही, डेअरीवाल्यांना नाही, कुणालाच नाही, ती तुम्हाला सांगते. आरटीओत त्या बाईंचं बोट पानावरून खाली सरकत होतं ना, तेव्हा मी त्यांच्या समोर उभी राहून मनात म्हणत होते, दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघू दे. तुमचं निघालं तर स्वयंपाकघरात मी बोलले ते कायमचं माझ्या नावावर राहणार होतं. तेवढा वेळ, अप्पा, तुम्ही खोटेच निघावेत असं मला वाटत होतं.